दोन्ही अभ्यासांच्या बाहेर

शिमग्याला घरी गेले होते, त्या दुपारी मला बाबांचा आजार कळला. कोणी सांगितला नाही. आम्ही जेवत होतो. आईने तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं केलं होतं. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, बराच वेळ चावला आणि मग पाण्याचा घोट घेतला. पुढचा तुकडा, पुन्हा घोट. त्यानंतरच्या तुकड्याला त्यांनी मान किंचित पुढे काढली आणि छातीच्या मध्यावर मूठ ठेवून ते थांबले. आई मला वाढत होती. तिने बघितलंही नाही. तिला त्याची सवय झाली होती.

मी तेव्हा मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयात नोकरीला होते. अजूनही आहे. अन्ननलिकेच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर नवी औषधं शोधायचं काम तिथे चालतं. रुग्णांवर ती औषधं रीतसर देऊन बघतात, त्याला आम्ही ‘अभ्यास’ म्हणतो. मी डॉक्टर नाही. अभ्यासात कोणाला घेता येईल ते बघणं, त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना सगळं समजेल असं सांगणं, तपासण्यांच्या तारखा सांभाळणं आणि पुढे त्याला जे जे होईल ते लिहून ठेवणं, हे माझं काम. नवा रुग्ण आला की माझे प्रश्न ठरलेले. घास अडकतो का? कुठे अडकतो, हाताने दाखवा. कोरडं खाता येतं, की पाण्याबरोबर उतरवावं लागतं? माणसं छातीवर मूठ ठेवून दाखवतात. बाबांनी ठेवली तशीच.

“कधीपासून होतंय असं?” मी विचारलं.

“कसला?”

“पाण्याशिवाय घास उतरत नाही तो.”

“अगो, पित्त हाय ता. डॉक्टरनं पातळ औषध दिलानी हाय, गुलाबी. घेतला की बरा वाटतंय.”

आई म्हणाली, “थंडीपासून भाकरी नको म्हनतायत. मऊ भात नायतर पेज. मी म्हटलं दाढ दुखत असंल.”

माझ्या ताटातलं मी कसंबसं संपवलं आणि हात धुवायला म्हणून मागच्या पडवीत गेले. तिथे पाणी तापवायच्या चुलीशेजारी उभी राहिले. मला रडू आलं नाही. मी मनातल्या मनात पुढचं सगळं लावत होते. दुर्बीण, तपासायला गाठीचा तुकडा, स्कॅन. नोकरीने मला ते शिकवलं होतं आणि त्या क्षणी दुसरं काही डोक्यात येतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी पालखी यायची होती. ती येऊन जाईपर्यंत काही बोलायचं नाही असं मी ठरवलं. बाबा दरवर्षी पालखीला खांदा देत, ढोलाच्या तालावर ती नाचवत. त्या वर्षी त्यांनी खांद्यावर घेतली, अंगणात एक फेरी मारली आणि शेजारच्या काकांना खूण करून बाजूला झाले. नवीन सदरा घातला होता. त्याच्या कॉलरमधून त्यांची मान एखाद्या शाळकरी पोराची दिसावी तशी दिसत होती. लोटेच्या रसायनांच्या कंपनीत त्यांनी उभा जन्म शिफ्ट केली होती, पोती उचलली होती, रिअॅक्टरच्या शिड्या चढल्या होत्या. ते अंग गेलं कुठे, हे आम्हाला कोणाला विचारावंसं कसं वाटलं नाही, असं मला सारखं वाटत राहिलं.

पालखी गेल्यावर मी सांगितलं. कॅन्सर हा शब्द मी घेतला नाही. दुर्बिणीने बघून घेऊ, एवढंच म्हटलं. चिपळूणच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि मला आत बोलावलं. “पुढे जात नाही,” ते म्हणाले. पडद्यावर जे दिसत होतं ते मी आधी खूपदा पाहिलं होतं. बाहेर बाबा बाकावर बसले होते. घसा बधिर केल्यामुळे त्यांची जीभ जड झाली होती.

परत येताना रिक्षात त्यांनी विचारलं, “तुज्याकडं मानसं येतात, ती हेच घेऊन येतात काय?”

“हो.”

सावर्ड्याचा बाजार मागे पडला तेव्हा ते म्हणाले, “मग बरा झाला. तू हायस तिथं.”

या वाक्याचं ओझं मी अजून खाली ठेवू शकलेले नाही.

मुंबईत मी त्यांना माझ्याच रुग्णालयात नेलं. ज्या बाकांवर माझे रुग्ण बसतात त्याच बाकांवर आई-बाबा बसले. आईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि टॉवेल. मी गळ्यात ओळखपत्र घालून त्यांच्या पुढून गेले की आई शेजारच्या बाईला सांगायची, “माजी मुलगी.” त्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या.

तेव्हा आमच्याकडे दोन अभ्यास चालू होते. एक अन्ननलिकेच्या कॅन्सरचा, एक फुप्फुसाच्या कॅन्सरचा. औषध एकच होतं. आपल्या रक्तात लढणाऱ्या पेशी असतात, त्यांना कॅन्सर फसवतो, मी परका नाही असं भासवतो. हे औषध त्याचं सोंग उघडं पाडतं, मग त्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. मी रुग्णांना असं सांगायची. नेहमीची केमो सगळ्यांना मिळायची, आणि त्यातल्या अर्ध्या लोकांना तिच्याबरोबर हे नवं औषध. कोणाला द्यायचं ते आम्ही ठरवत नव्हतो, संगणक ठरवायचा. रुग्ण त्याला ‘चिठ्ठी’ म्हणायचे. “ताई, आमची चिठ्ठी निघाली का?” बाजारात ते औषध आलेलं नव्हतं. चिठ्ठीखेरीज दुसरी वाट नव्हती.

बाबांच्या स्कॅनमध्ये अन्ननलिकेतली गाठ दिसली, आणि उजव्या फुप्फुसात आणखी एक.

आमच्या विभागाच्या मोठ्या मॅडमनी मला बसवून घेतलं. फुप्फुसातली गाठ दोन प्रकारची असू शकते, त्या म्हणाल्या. अन्ननलिकेतूनच पसरलेली असेल, किंवा वेगळीच. सुई घालून तुकडा काढल्यावर कळेल. मला ते ठाऊक होतं. पसरलेली असेल तर बाबा अन्ननलिकेच्या अभ्यासात बसत होते, हेही मला ठाऊक होतं. अभ्यास पसरलेल्या रोगासाठीच होता. वेगळी निघाली तर नाही. ‘दुसरा कॅन्सर असलेल्या व्यक्तीस घेता येणार नाही’ ही अट मी कितीतरी लोकांना वाचून दाखवली होती.

रिपोर्ट यायचे होते त्या दिवसांत मी देवापुढे हात जोडून बाबांचा कॅन्सर पसरलेला निघू दे असं मागत होते. आई माझ्या शेजारी बसून तो पसरलेला नसू दे असं मागत होती. मी तिला काही सांगितलं नाही.

आईचं ऐकलं गेलं. पेशी वेगळ्या होत्या. एका माणसात दोन कॅन्सर, एकमेकांशी संबंध नसलेले.

मी मॅडमच्या खोलीत गेले. “फुप्फुसाच्या अभ्यासात?” मी विचारलं.

“तिथेही तीच अट आहे. तुला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. तरी विचारते.”

मॅडमनी समोरची फाईल मिटली. मग त्यांनी मला तेच सांगितलं जे मी इतरांना सांगायची. एक गाठ कमी झाली आणि दुसरी वाढली, तर औषधाने काम केलं म्हणायचं की नाही? माणूस गेला तर कशाने गेला म्हणायचं? अशाने अभ्यासातून काहीच कळणार नाही, आणि मग औषध कोणालाच मिळणार नाही. त्यांचा शब्द न् शब्द बरोबर होता. मी मान हलवत होते. त्यांनी तरीही औषध बनवणाऱ्या परदेशी कंपनीला विचारून पाहिलं, अभ्यासाबाहेर या एका माणसाला देता येईल का म्हणून. काही दिवसांनी उत्तर आलं. दोन कॅन्सर असलेल्यांमध्ये औषध कसं वागतं याची माहिती नाही, त्यामुळे देता येत नाही. भाषा अगदी सभ्य होती.

बाबांना मी कँटीनच्या बाहेरच्या कट्ट्यावर सांगितलं.

“म्हनजे मी नापास,” ते म्हणाले. कंपनीत दरवर्षी मेडिकल व्हायचं, त्यांना तेच आठवलं असावं.

“नापास नाही, बाबा. नियम आहे.”

“दोन रोग हायत म्हनून एकाचापन औषध नाय. असा कसा गो नियम?”

मी समजावून सांगितलं. मी लहान असताना गणित कसं सुटलं ते त्यांना सांगायची तेव्हा ते ऐकायचे तसंच त्यांनी ऐकलं, कळलं नाही तरी मान डोलवत. शेवटी म्हणाले, “तू सांगतस म्हनजे बरोबरच असंल.” त्यांनी वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग नेहमीचे उपचार सुरू झाले. अन्ननलिकेला रेडिएशन, सोबत केमो. माझ्या एका खोलीच्या घरात आम्ही तिघं राहू लागलो. गिळणं बंद होत आलं तशी त्यांच्या नाकातून नळी घातली. आई पेज पातळ करून गाळून घ्यायची, मुगाचं पाणी करायची, आणि मोठ्या सिरिंजने हळूहळू नळीत सोडायची. “आज सोलकढी घालू काय?” असं एकदा तिने विचारलं. बाबा म्हणाले, “घाल. पन कळनार कसा मला?” दोघंही त्यावर हसली. हसताना बाबांना खोकला आला आणि तो थांबेना.

रेडिएशनसाठी सोमवार ते शुक्रवार यायला लागायचं. रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात त्यांना एक सोबती मिळाला. तो आंजर्ल्याच्या पुढच्या एका खाडीगावचा होता, आयुष्यभर बोटीवर काम केलेला, मग काही वर्षं आखातात. त्यालाही अन्ननलिकेचा कॅन्सर, पसरलेला. थंडीत मीच त्याला अभ्यासात घेतलं होतं आणि त्याच्या चिठ्ठीत नवं औषध आलं होतं. बाबा त्याला ‘खलाशी’ म्हणायचे, तो बाबांना ‘लोटेवाले’. दोघं एका जिल्ह्याचे, पण एकाने समुद्रावर जन्म काढला आणि दुसऱ्याने कारखान्यात. बोलायला लागले की मासळीवरून वाद. खाडीतला मासा गोड की समुद्रातला? एकाच्या नाकात नळी, दुसरा नुकता जेवू लागलेला.

कारण खलाशाला औषध लागू पडलं होतं. आला तेव्हा त्याला चहासुद्धा उतरत नव्हता. वसंतात तो भात खायला लागला. त्याच्या स्कॅनवर गाठ निम्म्याहून लहान झालेली मी पाहिली. असं क्वचित बघायला मिळतं. त्या दिवशी आमच्या कामाच्या खोलीत सगळे एकमेकांकडे बघून हसत होते.

एका सकाळी तो वऱ्हांड्यात बाबांच्या शेजारी बसून केळं सोलत होता. मला बघून त्याने ते लपवलं. “बेटी, ह्यांच्या पुढ्यात खातो, वाईट दिसतं.”

“खा रे तू,” बाबा म्हणाले. “मीच सांगितला खायला. कसा जातंय बगायचा होता.”

खलाशाने एक घास घेतला, चावला, गिळला आणि तोंड उघडून दाखवलं. बाबांनी त्याच्या गळ्याकडे बघितलं. “गेला?”

“गेला.”

“आता दुसरा घे.”

पूर्ण केळं संपेपर्यंत बाबा बघत होते. मी हातात फायली घेऊन उभी होते. पुढच्या रुग्णाला मी केळं संपल्यावरच बोलावलं.

उन्हाळ्याच्या शेवटी खलाशी गावी गेला. औषधाच्या तारखेला तेवढा यायचा. बाबांचं रेडिएशन संपलं. आतली सूज उतरेपर्यंत थांबा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही थांबलो. थोडंसं पाणी जायला लागलं, चमच्याने पेज जायला लागली, आणि आईने फोन करून गावाला सगळ्यांना सांगितलं की उतार आहे. मग पुन्हा पेज थांबली. मग पाणी. पुढचा स्कॅन झाला त्यात अन्ननलिकेतली गाठ होती तिथेच होती, फुप्फुसातली वाढली होती, आणि यकृतावर डाग होते. ते डाग कोणत्या कॅन्सरचे, हे बघायला आता कोणी तुकडा काढायचं म्हटलं नाही. त्याने काही बदलणार नव्हतं.

त्याच पावसाळ्यात खलाशाला त्याचे भाऊ घेऊन आले. त्याला श्वास घेता येत नव्हता. मी पाहिलं तेव्हा व्हीलचेअरवर पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ निळसर. मला वाटलं कॅन्सर फुप्फुसात गेला. स्कॅनमध्ये कॅन्सर नव्हता. फुप्फुसं सुजली होती. ज्या पेशींना औषधाने जागं केलं होतं त्यांनी गाठीवरून मोर्चा त्याच्याच फुप्फुसांवर वळवला होता. असं होऊ शकतं. फार थोड्यांना होतं, पण होतं. हे मी त्याला थंडीतच सांगितलं होतं, त्याच्या भाषेत, सावकाश, आणि तो म्हणाला होता, “बेटी, समुद्रात जाताना बुडायचं भ्या धरून चालतं काय?”

ती सूज उतरवायला भारी मात्रेत औषधं दिली. श्वासाचं यंत्र लावलं. सूज उतरली नाही. तो गेला तेव्हा त्याची अन्ननलिका जवळजवळ मोकळी होती.

अभ्यासातल्या माणसाला असं काही झालं की लगोलग कळवावं लागतं. काय झालं, कधी सुरू झालं, औषधामुळे झालं असण्याची शक्यता किती. ते मी भरलं. ‘शक्यता’पुढे मॅडमनी ‘निश्चित’ लिहायला सांगितलं. मी लिहिलं.

बाबांना सांगायचं नाही असं आईने मला बजावलं होतं. पण ते वऱ्हांड्यात बसायचे आणि वऱ्हांड्यात सगळं कळतं. मी बाहेर आले तर ते वाट बघत होते.

“खलाशी गेला?”

“हो.”

“रोगानं?”

“नाही. औषधाने.”

त्यांच्या नाकातली नळी चिकटपट्टीने गालाला लावलेली होती. ती सुटत आली होती, ती त्यांनी बोटाने दाबून बसवली. मग विचारलं, “मला मिळाला असता तर माजापन असाच झाला असता?”

“ते कोणालाच सांगता येत नाही, बाबा. तुम्हाला गुणही आला असता. किंवा काहीच झालं नसतं.”

“म्हनजे इतकं शिकून, इतकं बगून, शेवटी ठाऊक कायच नाय.”

त्यात टोमणा नव्हता. ते फार थकले होते. मी म्हटलं, “थोडं थोडं कळतं, बाबा.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “घरी जाऊया आता. इथं काय उरलाय?”

मॅडमनीही तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत. मी रजा टाकली आणि त्यांना घेऊन गावी आले.

घरी आल्यावर पहिली अडचण स्वयंपाकाची झाली. आईने मासळी आणणं बंद केलं, फोडणी देणं बंद केलं. घरात वास नको. ती आणि मी मागच्या पडवीत उभ्याने काहीतरी खायचो आणि तोंड पुसून पुढे यायचो. बाबांना ते दोन दिवसांतच समजलं. त्यांनी आईला हाक मारली.

“चोरून काय जेवतेस? मी काय मेलो हाय?”

आई रडायला लागली. “तुमच्यासमोर कसा जेवू?”

“समोर बसून जेव. आन मासळी कर. मला वास तरी येऊ दे.”

त्यानंतर आम्ही त्यांच्या खाटेजवळ पानं घेऊन बसायला लागलो. आईने सुरमई तळली त्या दिवशी ते उशीला टेकून बसले होते. मी घास घेतला की त्यांची नजर माझ्या हाताबरोबर तोंडापर्यंत यायची आणि मग गळ्यावरून खाली उतरायची. मला गिळता येईना. पण थांबले असते तर त्यांना कळलं असतं, म्हणून मी खात राहिले. खूप खाल्लं. पुन्हा वाढून घेतलं. ते म्हणाले, “मीठ बरोबर हाय काय?” “बरोबर आहे,” आई म्हणाली. त्यांनी डोळे मिटले.

काही दिवसांनी त्यांना स्वतःची थुंकीही गिळता येईना. खाटेजवळ वाडगा ठेवला, त्यात ते सारखे थुंकायचे. शेजारपाजारचे यायचे, दाराशी बसायचे, आणि प्रत्येकजण मला विचारायचा, “तू तिथंच कामाला ना? मग काय उपाय नाय?” मुंबईत राहणारा माझा चुलतभाऊ दोन दिवस येऊन गेला. त्याने मोबाईलवर बातमी दाखवली, कुठेतरी कॅन्सरवर नवीन औषध सापडलं म्हणून. तेच औषध होतं. मी म्हटलं, हो, मला माहीत आहे.

एकदा बाबांनी विचारलं, “कंपनीमुळं झाला काय गो ह्ये? तो वास यायचा, डोळं झोंबायचं. का बिडीमुळं?” मी हा प्रश्न कामावर इतरांना विचारायची, उलट बाजूने. विडी किती वर्षं? कोणत्या कारखान्यात? उत्तरं लिहून घ्यायची. त्या सगळ्या उत्तरांचा ढीग करूनही एका माणसाला त्याच्या रोगाचं कारण सांगता येत नाही. “नक्की सांगता येत नाही,” मी म्हटलं. मला वाटतं, त्या दिवसानंतर त्यांनी मला आजाराबद्दल काही विचारलं नाही.

भातकापणी सुरू झाली होती. आमचं शेत शेजारच्या काकांनी कापायला घेतलं होतं, ते घरामागेच आहे, त्यामुळे माणसांची बोलणी आत ऐकू यायची. दुपारी आई नळीतून पाणी घालायला बसली तर ते आत जाईना. नळी तुंबली असेल म्हणून मी बघितलं. नळी मोकळी होती. बाबांचा श्वास लांब लांब पडत होता. त्यांनी हाताने काहीतरी मागितलं. आईला वाटलं चहा. तिने चहा केला, कापसाचा बोळा त्यात बुडवून त्यांच्या जिभेला लावला. ते चोखायला लागले, लहान मूल चोखतं तसे, आणि मध्येच थांबले. आई बोळा तसाच धरून बसली होती. मी तिचा हात धरून खाली घेतला. बाहेर काका कोणाला तरी पेंढा आधी उचला म्हणून ओरडत होते. मी मागच्या दारात जाऊन त्यांना सांगितलं.

कामावर परत गेले तेव्हा मॅडमनी विचारलं, दुसऱ्या विभागात बदली हवी का. मी नको म्हटलं. का नको, ते मला नीट सांगता येणार नाही. दुसरं काही येत नाही, हेही एक कारण असावं. मी तेच प्रश्न विचारत राहिले. फक्त दुसरा कॅन्सर असल्याची अट वाचून दाखवायची वेळ आली की मी आधी पाणी प्यायची.

पुढे यथावकाश अन्ननलिकेचा अभ्यास पुरा झाला आणि निकाल आले. एका सकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून ते दाखवले. पडद्यावर दोन रेघा होत्या, डावीकडे वरून निघून उजवीकडे खाली उतरणाऱ्या. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. अभ्यासातलं एक माणूस गेलं की रेघ एक पायरी खाली येते. नवं औषध मिळालेल्यांची रेघ दुसरीपेक्षा थोडी वर होती आणि शेवटपर्यंत वरच राहिली. औषध उपयोगी होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ते खरंच चांगलं होतं. त्या औषधाने जगलेली माणसं मी ओळखत होते, त्यांच्या मुलांच्या लग्नाच्या पत्रिका मला येतात.

मी रेघेकडे बघत होते. वरच्या रेघेतली एक पायरी खलाशाची होती. कोणती ते मला साधारण ओळखता येत होतं. त्याचं मरण तिथे मोजलं गेलं होतं. त्यातून कोणाला तरी काहीतरी कळलं होतं. आता औषधाबरोबर श्वासाकडे लक्ष ठेवायच्या सूचना देतात, त्यात त्याचाही वाटा आहे. बाबा कोणत्याच रेघेत नव्हते. त्यांनी जे सोसलं त्यातून कोणालाही काहीही कळलेलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. टीव्हीवर काही दाखवत होते म्हणाली.

“तो तुमचा औषध चांगला निघाला म्हनं?”

“हो, आई.”

“मग आता समद्यांना देतील?”

“ज्यांना देता येईल त्यांना देतील.”

“दोन-दोन रोग झालेल्यांना?”

“त्यांच्यात कसं चालतं ते अजून माहीत नाही.”

“कोन बगतंय काय ता?”

मी खिडकीशी उभी होते. जे खरं होतं ते सांगितलं. “नाही, आई. सध्या तरी कोणी बघत नाही.”

“बरा,” ती म्हणाली. मग तिने मला जेवलीस काय ते विचारलं, आणि मी हो म्हटलं.